बोलिंगच्या स्पर्धेत ॲव्हरेजवरून गट पाडतात, ते कुठून आलं

पुण्यात विमाननगरच्या मॉलमध्ये वीकेंडला बोलिंग खेळणाऱ्यांना स्ट्राइक, स्पेअर नि 300 चा परफेक्ट गेम सांगायला नको. गाडी अडते ती स्पर्धेच्या फॉर्मवरच्या 'ॲव्हरेज' या रकान्यापाशी, म्हणजे एका गेममागचा सरासरी स्कोअर, जो पिनांतच सांगतात.

अमेरिकेत 1895 ला नियम एकसारखे झाले, 1901 ला शिकागोत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, पुढे 1950 नंतर पिना उभ्या करणारी मशीन्स आली तशा लीग फोफावल्या आणि हौशी मंडळींचा लोंढा आला. आता 140 वाल्याने फी भरून दरवेळी 200 वाल्याकडून मार खायचा का? हँडिकॅप, म्हणजे कमी ॲव्हरेजवाल्याच्या स्कोअरला जादा पिना जोडून देणं, होताच, पण 220 उणे ॲव्हरेज, त्याच्या 90 टक्के असा हिशोब धरला तर 160 वाल्याला 54 पिना मिळतात, 200 वाल्याला 18, म्हणजे 40 चा फरक 4 वर येतो पण पारडं जड राहतं ते तगड्याचंच. म्हणून मग सरळ गट.

खरी भांडणं आहेत ती कुठलं ॲव्हरेज धरायचं यावर. तिकडचा रुळलेला नियम म्हणजे मागच्या सीझनचं, निदान 21 गेमचं, आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. आता बघा, 21 गेममध्ये 3381 पिना पडल्या तर ॲव्हरेज 161, आणि 3380 पडल्या तर 160! गटाची मर्यादा 160 असेल तर एका पिनने माणूस वरच्या गटात. मग काहीजण सीझनच्या शेवटी मुद्दाम पिना सोडतात, खालच्या गटात शिरून बक्षीस नेतात. त्यावर उतारा म्हणून चालू सीझनचं ॲव्हरेज जुन्यापेक्षा 10 किंवा जास्त पिनांनी वर असेल तर चालूच धरायचं असं ठरलं. माझ्या मते 10 ची सूट फारच सढळ आहे, 9 पिनांनी सुधारलेला माणूस आरामात खाली बसून राहतो.

नंतर तेलाचा घोळ. बॉल जातो त्या पट्टीला, म्हणजे लेनला, तेल लावतात; नेहमीच्या लेनवर मधे तेल जास्त नि कडांना कमी, त्यामुळे चुकलेला बॉलही वळून जागेवर येतो आणि ॲव्हरेज फुगतं, स्पोर्ट पॅटर्नवर, म्हणजे तेल जास्त सारखं पसरलेल्या अवघड लेनवर, तोच खेळाडू खाली येतो, म्हणून तिथलं ॲव्हरेज तक्त्यावरून वाढवून धरतात. 2023 पासून दोरीवाल्या पिनांनाही (वरून दोरीला बांधलेल्या, मशीन दोरी ओढून उभ्या करतं) तिकडे मान्यता मिळाली पण वेगळा प्रकार म्हणून, कारण त्यावर स्ट्राइक, म्हणजे पहिल्याच बॉलला सगळ्या पिना पाडणं, कमी जमतं.

आपल्याकडे लीगचा रेकॉर्ड नसलेलेच जास्त. अशांना सरळ सगळ्यात वरच्या गटात टाकायचं ही तिकडची एक पद्धत, नवख्याला कडक वाटेल, पण स्वतः सांगितलेल्या आकड्यावर गट द्यायचा म्हटलं तर 120 च्या वर कोणी सांगणारच नाही.