पोर्ट उघडत नाही? राउटर भंगारात काढू नका

रत्नागिरी-देवगडकडच्या छोट्या ऑफिसांत एक समज घट्ट बसलाय: सर्व्हरचा पोर्ट (इंटरनेटवरून त्याच्याशी जोडण्याचा क्रमांकाचा दरवाजा) बाहेरून उघडत नसेल तर राउटर फालतू, नाहीतर फायरवॉल बंद करून डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच संगणकाकडे सोडणारी सेटिंग) लावा. अनेकदा दोष राउटरचा नसतोच.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या (इंटरनेट कंपनीच्या पातळीवर पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे आहात. हा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. आयपीव्ही४चे (इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीचे) पत्ते अपुरे पडतात, म्हणून कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देते. अख्ख्या वाडीला एकच घरनंबर असल्यासारखं! बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग राउटरमधला पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरची विनंती आतल्या सर्व्हरकडे वळवण्याचा) नियम कितीही अचूक असो. वॅन आयपी १० किंवा १९२.१६८ने सुरू होत असेल तर आधी पाहा, फायबरचा मोडेम स्वतःच नॅट (एकच पत्ता अनेकांना वाटून देण्याचं काम) करतोय का.

उपाय दोन: कंपनीकडून स्टॅटिक (न बदलणारा) सार्वजनिक आयपी घ्या (जादा पैसे पडतात), किंवा ऑफिसातूनच बाहेरच्या सर्व्हरशी व्हीपीएन बोगदा (सुरक्षित खाजगी जोडणी) जोडून ठेवा. मला दुसराच पटतो.

चाचणी मात्र मोबाइल डेटावरून करा. ऑफिसच्या वायफायवरून काही राउटर खोटंच अपयश दाखवतात. आणि पोर्ट उघडला म्हणून रिमोट डेस्कटॉपचा (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा) ३३८९ हा पोर्ट थेट जगासमोर ठेवू नका. नंबर बदलूनही तो लपत नाही, उघडे पोर्ट शोधणाऱ्या स्कॅनरला सापडतोच.