कार्बोरेटर उघडण्याआधी टाकी आणि पाइप बघा
जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बसणारी) इंजिने वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"कार्बोरेटर साफ करून द्या," असे सांगून बरेच जण इंजिन आमच्याकडे सोडून जातात. इंजिन तेवढे येते, टाकी आणि पाइप होडीतच राहतात. आम्ही इंजिन आमच्या टाकीला जोडतो आणि ते पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होऊन नीट चालते. तरीही सांगितले म्हणून कार्बोरेटर खोलून धुतो. दोन दिवसांनी फोन येतो, "अहो, परत तेच." तुमची फेरी वाया, आमचा दिवस वाया. म्हणून हे पत्रक.

एका ग्राहकाचे इंजिन असेच दोनदा आले. पाण्यावर दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालायचे, मग हळूहळू बसत जाऊन बंद पडायचे. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू. दोन्ही वेळा आम्ही कार्बोरेटर उघडला, दोन्ही वेळा तो स्वच्छ निघाला. तिसऱ्यांदा आम्ही टाकी मागवली. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, पण त्याखालच्या भोकात कुंभारमाशीने मातीचा बोळा लिंपून ठेवला होता. टाकीतून पेट्रोल जात होते, त्याच्या जागी हवा येत नव्हती. सुईच्या टोकाने माती काढली, तक्रार संपली. तेव्हापासून इंधनाची तक्रार असेल तर टाकी आणि पाइप बघितल्याशिवाय आम्ही कार्बोरेटरला हात लावत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण दोनदा उघडून काही न सापडलेल्या कामाचे पैसे घेताना आम्हालाही बरे वाटत नाही.

"पण पाइप तर कुठेच गळत नाही," असे हमखास ऐकायला मिळते. इथेच फसायला होते. इंजिन चालू असताना त्याचा पंप टाकीतून पेट्रोल ओढत असतो. ओढणाऱ्या पाइपला बारीक चीर असली तर पेट्रोल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. सगळे कोरडे दिसते आणि इंजिन मात्र उपाशी राहते. पाइपमध्ये बसवलेला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा दाबल्यावर फुग्यापासून इंजिनापर्यंतच्या भागात दाब येतो, त्यामुळे तिथली गळती दिसते. फुगा आणि टाकी यांच्यामधली चीर तशी दिसतच नाही. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोषी निघते ती जोडणीच्या कपलिंगमधली छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. नखाने दाबून बघा. कडक लागली किंवा चपटी झाली असली तर ती गेली. पाइप बोटांत वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर चिकटपट्टी लावत बसू नका, पाइप बदला. पाइप, क्लिप, फुगा आणि ओ-रिंग आम्ही कायम ठेवतो. हे काम तुम्ही घरीही करू शकाल.

पाण्यावर इंजिन बसायला लागले की बंद पडण्याआधीच चार गोष्टी करा आणि काय झाले ते लक्षात ठेवा. आधी फुग्याकडे बघा. तो आत ओढला जाऊन चपटा झाला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: हवेचे भोक, टाकीतली जाळी किंवा पाइपच्या आतला सुटलेला पापुद्रा. मग टाकीचे झाकण सैल करा. थोड्या वेळात इंजिन सावरले तर हवेचे भोकच. तिसरे, फुगा हाताने दाबत राहा. दाबताना इंजिन उचल घेत असेल आणि सोडल्यावर बसत असेल तर पाइप हवा ओढतोय किंवा इंजिनावरच्या पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) थकलाय. या तिन्हींनी फरक पडला नाही तर चोक किंचित ओढा. त्याने इंजिन सावरले, तर मात्र कार्बोरेटरमधला जेट (पेट्रोल मापून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) चोंदला असण्याचा संशय रास्त आहे. स्लोवर बंद पडते पण रेस दिल्यावर बरे चालते, अशा तक्रारीत बहुधा स्लो जेट असतो, कारण त्याचे भोक सर्वांत बारीक.

दोष नक्की कळेपर्यंत कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा स्क्रू (हवा-पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा) फिरवू नका, ही कळकळीची विनंती. मागच्या महिन्यापर्यंत त्याच सेटिंगवर इंजिन चांगले चालत होते आणि स्क्रू आपोआप फिरलेला नाही. कमी पेट्रोलवर रेटून चालवणे टू-स्ट्रोकला महागात पडते, कारण ऑइल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि मग पिस्टन चिकटतो. जेटमध्ये तारही घालू नका. पितळ मऊ असते, भोक जरासे मोठे झाले तरी माप बिघडते आणि तो जेट बदलावाच लागतो.

पेट्रोलबद्दल थोडेसे. टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाच मिनिटे ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी बसते. बाटली तिरकी केली की स्वच्छ थेंब तळावरून घरंगळताना दिसतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा धरते आणि पाणी फार झाले की दोन थर होतात. असे पेट्रोल गाळून वापरू नका, टाकून नवीन भरा. ऑइलचे प्रमाण तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातच बघा: 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू3 प्रतीचे घ्या, मोटरसायकलचे नको.

इंजिन महिनाभर बंद ठेवणार असाल तर पाण्यावर असतानाच पाइप काढा, स्लोवर ते आपोआप बंद पडू द्या आणि मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू उघडून उरलेले थेंब काढून टाका. तळाशी राहिलेला तो घोटभर साठाच सुकून हिरवट-पिवळा चिकटा होतो आणि जेट बुजवतो.

कार्बोरेटर खरोखरच उघडावा लागला तर आम्ही तो तासाभरात परत देत नाही, याचीही तक्रार येते. रबरी भाग बाहेर काढून धातूचे भाग भिजत ठेवावे लागतात, मग प्रत्येक वाटेतून हवा मारून ती पलीकडून निघते का ते बघावे लागते. फ्लोटची नीडल (वाटीत येणारे पेट्रोल थांबवणारी सुई), गॅस्केट आणि ओ-रिंग आम्ही नवीनच घालतो. जुने गॅस्केट एकदा हलले की पुन्हा तसे बसत नाही. त्यानंतर पाण्याच्या पिंपात गिअर टाकून अर्धा तास चालवतो, कारण तक्रार गरम झाल्यावर येणारी असेल तर पाच मिनिटांत ती कळणारच नाही.

तेव्हा येताना इंजिनासोबत टाकी, पाइप आणि टाकीत असेल ते पेट्रोल तसेच आणा. वरच्या चार गोष्टींत काय दिसले ते कागदावर लिहून आणलेत तर फारच छान. मिक्श्चरचा स्क्रू आधीच फिरवला असेल तर कुठल्या बाजूला आणि साधारण किती फेरे, तेही मोकळेपणाने सांगा. आम्हाला मूळ जागेवरून सुरुवात करता येते.