काहूट आणि गूगल फॉर्म: नाव ‘क्विझ’, काम निराळे

गोव्यातील शिक्षकांच्या बोलण्यात ‘आज वर्गात क्विझ घेतली’ हे वाक्य आता सर्रास येते. पण ती काहूट या खेळवजा ऑनलाइन साधनावर घेतली की गूगल फॉर्मवर, म्हणजे प्रत्येकाने आपापल्या गतीने भरायच्या ऑनलाइन प्रश्नपत्रिकेवर, हे कळल्याशिवाय वर्गात नेमके काय घडले याचा अंदाज येत नाही.

काहूट हे २०१३ साली सर्वांसाठी खुले झालेले नॉर्वेतील साधन आहे. पडद्यावर प्रश्न उमटतो, विद्यार्थी मोबाइलवर त्रिकोण, चौकोन अशा रंगीत आकृत्यांपैकी एक दाबतात आणि वेळ संपताच कोणता पर्याय किती जणांनी निवडला याचे स्तंभ सर्वांसमोर उभे राहतात. त्या स्तंभांपाशी थांबण्यातच या साधनाचे सारे मोल आहे. ‘गोवा घटक राज्य केव्हा झाले?’ या प्रश्नाला निम्म्या वर्गाने १९६१ हे उत्तर दिले, तर मुलांनी अभ्यास केला नाही असे म्हणता येत नाही. मुक्ती आणि घटक राज्य या दोन गोष्टींची त्यांच्या मनात गल्लत झालेली असते. अशा वेळी खेळ थांबवून १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेशाची वर्षे, १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आणि ३० मे १९८७ चे घटक राज्य हा क्रम फळ्यावर मांडता येतो. गूगल फॉर्ममध्येही उत्तरांचा असाच आलेख मिळतो, परंतु शिक्षक तो बहुधा रात्री घरी पाहतात, तोवर तास कधीच संपलेला असतो.

म्हणून काहूटच्या गुणांवरून श्रेणी देणे मला अन्यायाचे वाटते. त्यात वेगाला गुण असतात: वीस सेकंदांच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दहाव्या सेकंदाला दिल्यास हजारपैकी साडेसातशे, आणि अखेरच्या क्षणी दिल्यास जेमतेम पाचशे. घरी कोंकणी बोलणारे मूल मराठी प्रश्न सावकाश वाचत असेल, तर त्याचे गुण ज्ञानाअभावी नव्हे, वाचनाच्या गतीमुळे कापले जातात.

मूल्यमापनासाठी फॉर्म बरा, कारण तेथे मूल प्रश्न दोनदा वाचू शकते आणि चुकलेल्या उत्तराखाली शिक्षकाने आधीच लिहून ठेवलेले स्पष्टीकरणही त्याला दिसते. मात्र लघुत्तर प्रश्नांत फॉर्म अक्षरशः जुळणी करतो. उत्तरसूचीत वर्ष इंग्रजी अंकांत असेल आणि मुलाने ते देवनागरी अंकांत लिहिले, तर बरोबर उत्तरही चूक ठरते. दोन्ही रूपे आधीच नोंदवून ठेवावीत.

मुलांच्या हाती मोबाइलच नसतील, जसे प्राथमिक शाळांत असते, तर दोन्ही साधने बाजूला ठेवून प्लिकर्सकडे वळावे. त्यात प्रत्येक मुलाकडे छापील कार्ड असते, ते कोणती बाजू वर करून धरले यावरून उत्तर ठरते आणि शिक्षकाच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा सारी उत्तरे टिपतो. प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणेही सोपे राहत नाही.