फुप्फुसाच्या कर्करोगातील पेशी संदेशवहन मार्ग

पेशीने कधी वाढावे, कधी विभागावे आणि कधी मरावे, हे बऱ्याच अंशी बाहेरून येणाऱ्या संकेतांवर ठरते. पेशीपटलावरील ग्राही प्रथिने हे संकेत टिपतात आणि आतली प्रथिनांची साखळी ते केंद्रकापर्यंत पोहोचवते. ही साखळी म्हणजे संदेशवहन मार्ग. फुप्फुसाच्या कर्करोगात, विशेषतः ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात, अख्खी गाठ अशा एकाच मार्गातील बिघाडावर पोसलेली असू शकते.

ईजीएफआर हा ग्राही एरवी वृद्धिघटक येऊन चिकटला तरच चालू होतो. त्याच्या जनुकातील १९व्या एक्सॉनचा (प्रथिन घडवणाऱ्या भागाचा) छोटा तुकडा गळाला, किंवा प्रथिनात ८५८व्या जागी ल्यूसिन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन बसले, की तो वृद्धिघटकाविनाच चालू राहतो. मग रास-राफ-मेक-अर्क ही साखळी पेशीला विभागायला लावते, तर पीआय३के-एकेटी ही दुसरी साखळी तिला मरू देत नाही. पूर्व आशियाई आणि कधीच धूम्रपान न केलेल्या रुग्णांत ही उत्परिवर्तने जास्त आढळतात.

ईजीएफआरला अडवणारे जेफिटिनिब हे औषध २००२ मध्ये जपानमध्ये मंजूर झाले, पण ते मोजक्याच रुग्णांना का लागू पडते हे कळत नव्हते. २००४ मध्ये उलगडा झाला: गुण येणाऱ्या बहुतेकांच्या गाठीत हीच उत्परिवर्तने होती. तेव्हापासून जनुकीय तपासणीशिवाय औषध ठरवणे अवघड झाले.

हा गुण मात्र टिकत नाही. साधारण वर्षभरात गाठ पुन्हा वाढू लागते. सुमारे निम्म्या रुग्णांत ईजीएफआरच्या ७९०व्या जागी थ्रिओनिन जाऊन मिथिओनिन आलेले असते. त्यामुळे एटीपी हा पेशीतील ऊर्जावाहक रेणू, ज्याच्या जागी औषध बसते, ग्राहीला अधिक घट्ट चिकटतो आणि औषधाला जागा मिळत नाही. यावर ओसिमर्टिनिब (२०१५) हे औषध निघाले. ते ७९७व्या जागच्या सिस्टीनला कायमचे जोडले जाते. मग काही गाठींत नेमके तेच सिस्टीन बदलते. काहींत मेट हा दुसराच ग्राही वाढून तोच संदेश आडवाटेने पुढे नेतो. क्वचित ॲडिनोकार्सिनोमाचे रूपांतर लघुपेशी कर्करोग या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारात होते. म्हणूनच औषध निष्प्रभ ठरल्यावर पुन्हा बायॉप्सी किंवा रक्तातील डीएनएची तपासणी करतात.

एएलके या आणखी एका ग्राहीच्या जनुकाचा ईएमएल४ या जनुकाशी झालेला जोड २००७ मध्ये सापडला आणि २०११ मध्येच त्यावर क्रिझोटिनिब हे औषध मंजूर झाले. केरास या रास प्रथिनाने मात्र फार वाट पाहायला लावली. औषधाला धरायला या प्रथिनावर खोबणच दिसत नव्हती. त्याच्या जी१२सी (१२व्या जागी ग्लायसिनऐवजी सिस्टीन) या उत्परिवर्तित रूपावरचे सोटोरासिब हे औषध २०२१ मध्ये आले.

लघुपेशी कर्करोगात असा नेम धरता येत नाही. तिथे बहुधा आरबी१ आणि टीपी५३ ही वाढ रोखणारी जनुकेच निकामी झालेली असतात, त्यामुळे औषधाने अडवण्याजोगे प्रथिन हाती लागत नाही.