पॉवर ॲम्प्लिफायर : आदान-मांडणी व नियंत्रणे

मिक्सरकडून (माइक व वाद्यांचे संकेत एकत्र करणाऱ्या यंत्राकडून) आलेल्या एक-दोन व्होल्टांच्या संकेताला ध्वनिक्षेपकाचा पडदा हलवता येईल इतकी शक्ती देणाऱ्या उपकरणास पॉवर ॲम्प्लिफायर म्हणतात. सभागृहे, मंडप आणि खुली मैदाने येथे वापरल्या जाणाऱ्या व्यावसायिक ॲम्प्लिफायरच्या दर्शनी भागावर सहसा प्रत्येक वाहिनीसाठी (चॅनलसाठी) एक फिरते बटण आणि संकेत, क्लिप (मर्यादा ओलांडल्याने लाटेचे माथे कापले जाणे) व संरक्षण दर्शविणारे दिवे एवढेच दिसते. आवाजाच्या दर्जाविषयीचे बहुतेक निर्णय मात्र मागील बाजूच्या छोट्या स्विचांवर घेतले जातात आणि एकदा मांडणी रॅकमध्ये बसली, की तिकडे सहसा कोणी पाहत नाही.

दर्शनी बटण ॲम्प्लिफायरची शक्ती ठरवते, हा समज सार्वत्रिक आणि चुकीचा आहे. ते केवळ आत येणारा संकेत क्षीण करते. पूर्ण उजवीकडे ० डेसिबेल, म्हणजे कोणतीही घट नाही, आणि तेथून डावीकडे वाढती घट, असे त्याचे अंकन असते. बटण −६ डेसिबेलवर ठेवले, तर संकेताचे व्होल्टेज निम्मे होते आणि त्याच संकेतावर मिळणारी शक्ती चौथाई होते. तथापि मिक्सरने ६ डेसिबेल अधिक संकेत पाठवला, तर ॲम्प्लिफायर पुन्हा आपल्या कमाल शक्तीपर्यंत पोहोचतोच. म्हणून ‘बटण निम्म्यावर आहे, स्पीकर सुरक्षित आहेत’ या विधानाला आधार नाही.

आदान-संवेदनशीलता म्हणजे पूर्ण शक्ती मिळण्यासाठी लागणारे आदान-व्होल्टेज, म्हणजे आत येणाऱ्या संकेताचे व्होल्टेज. अनेक यंत्रांवर ०.७७५ व्होल्ट, १.४ व्होल्ट किंवा २६ डेसिबेल स्थिर वर्धन (व्होल्टेजची ठरावीक पट वाढ) असे पर्याय असतात. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकास ४०० वॉट देणारा ॲम्प्लिफायर घेतला, तर त्याचे कमाल प्रदान (बाहेर पडणारे व्होल्टेज) सुमारे ५६.६ व्होल्ट असते. ०.७७५ व्होल्टचा पर्याय निवडल्यास व्होल्टेज सुमारे ७३ पट वाढते. २६ डेसिबेलला ते केवळ २० पट वाढते आणि पूर्ण शक्तीसाठी सुमारे २.८३ व्होल्ट लागतात. मिक्सरचा प्रमाण स्तर १.२३ व्होल्ट मानला, तर पहिल्या मांडणीत त्या स्तरापूर्वीच क्लिपचा दिवा लागतो, तर २६ डेसिबेलच्या मांडणीत सुमारे ७५ वॉट मिळून वर पुरेशी मोकळीक उरते. दोन्हींतील फरक ११ डेसिबेलांहून थोडा अधिक आहे आणि मिक्सरच्या अंगभूत सुसकाऱ्यातही (सतत येणाऱ्या बारीक ‘सूऽऽ’ आवाजातही) तेवढाच फरक पडतो.

हा फरक ऐकू येतो कोठे, याचे चांगले उत्तर ग्वाल्हेरमध्ये मिळते. १९२४ पासून चालत आलेला तानसेन समारोह हजिरा भागात तानसेनांच्या समाधीच्या परिसरात डिसेंबरमध्ये भरतो. ग्वाल्हेर घराण्याची ख्यालगायकी ऐकण्यास बसलेल्या श्रोत्यांना तंबोऱ्याचा झंकार हवा असतो, सुसकारा नव्हे. शिवाय विलंबित ख्यालातील हलका आलाप आणि द्रुत लयीतील जोरकस तान यांच्या पातळ्यांत मोठे अंतर असते. अशा मैफलीसाठी कमी वर्धन, म्हणजे २६ डेसिबेलचा पर्याय, प्रस्तुत लेखकास योग्य वाटतो, मग मिक्सरचे सरकपट्टे थोडे वर न्यावे लागले तरी चालेल. दाल बाजारातील नाट्यमंदिरासारख्या बंदिस्त जागेत प्रेक्षक ध्वनिक्षेपकांच्या जवळ असल्याने सुसकारा अधिक बोचतो. गणेशोत्सवाच्या मंडपातील आरत्यांसाठी मात्र मिक्सर लहान व त्याचे प्रदान दुबळे असल्यास अधिक संवेदनशील (०.७७५ व्होल्टची) मांडणी समर्थनीय ठरते.

मागील बाजूच्या गाळणी (फिल्टर) स्विचांविषयी विशेष सावधगिरी लागते. ३० हर्ट्झखालचा भाग कापणारी गाळणी रंगमंचावरील पावलांचे धक्के आणि वाऱ्याची घरघर रोखते व संगीताचे काहीही नुकसान करत नाही. परंतु काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. उपध्वनिक्षेपक (सबवूफर) न लावता तीच गाळणी १०० हर्ट्झवर राहिली, तर त्या तारेचा मूळ स्वरच दबतो. मिरवणुकीच्या गाडीवरून आलेले यंत्र दुसऱ्या दिवशी मैफलीला लावताना हे तपासणे अगत्याचे आहे.

आदानासाठी एक्सएलआर ही तीन पिनांची जोडणी प्रचलित आहे. तिच्यात पहिली पिन आवरणाची, दुसरी धन आणि तिसरी ऋण असते. एका बाजूच्या वायरीत दुसरी-तिसरी पिन उलटी जोडली गेली, तर दोन्ही बाजूंचे ध्वनिक्षेपक परस्परविरोधी हलतात आणि सभागृहाच्या मध्यभागी खर्ज नाहीसा होतो. डग्गा पोकळ वाजतो, आणि दोष तबलजीच्या माथी मारला जातो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने भूसंपर्काच्या दोन वाटा तयार झाल्यास ५० व १०० हर्ट्झची घूं ऐकू येते. अशा वेळी ग्राउंड-लिफ्ट स्विच वापरावा. तो केवळ संकेताचे भूसंपर्क सोडवतो. वीजपुरवठ्याच्या प्लगातील तिसरी पिन काढून घूं घालवण्याची मंडपांतील सवय जीवघेणी आहे.

स्टीरिओ (दोन्ही वाहिन्या स्वतंत्र), पॅरलल आणि ब्रिज या तीन कार्यरीती असतात. पॅरलल रीतीत एकच आदान दोन्ही वाहिन्यांना मिळते. तिच्यात चुकून दोन्ही आदानांना वेगवेगळे संकेत जोडले, तर मिक्सरची दोन प्रदाने एकमेकांवर आदळतात. ब्रिज रीतीत ध्वनिक्षेपक दोन वाहिन्यांच्या धन टोकांमध्ये जोडला जातो, व्होल्टेज दुप्पट मिळते, पण प्रत्येक वाहिनीला ध्वनिक्षेपकाचा निम्माच संरोध (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत-विरोध) जाणवतो. प्रत्येक वाहिनी ४ ओहमपर्यंतच चालण्यास योग्य असेल, तर ब्रिजमध्ये ८ ओहमहून कमी संरोधाचा ध्वनिक्षेपक जोडता येत नाही. संरक्षणाचा लाल दिवा लागणे हे बहुधा या नियमाच्या उल्लंघनाचे किंवा पंख्यापुढे साचलेल्या धुळीचे लक्षण असते.

क्लिपचा दिवा क्षणमात्र चमकला, तर घाबरण्याचे कारण नाही. तो सतत जळत राहिला, तर लाटेचे माथे कापले जात आहेत, सरासरी शक्ती वाढली आहे आणि उच्च स्वर देणारे लहान ध्वनिक्षेपक धोक्यात आहेत, असे समजावे. लिमिटरचा (संकेत ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या सोयीचा) स्विच चालू असल्यास ही हानी कमी होते. मिरवणुकीत तो चालू ठेवावा. मैफलीत मुळात त्याला काम पडता कामा नये.

चालू करताना मिक्सर आधी आणि ॲम्प्लिफायर शेवटी, बंद करताना ॲम्प्लिफायर आधी, हा क्रम पाळल्यास मिक्सरच्या चालू-बंदचा ठोका ध्वनिक्षेपकांपर्यंत जात नाही. बटणे शून्य घटीवर न्यायची की खाली ठेवायची, हे मिक्सरच्या प्रदानावरून ठरवावे. त्यासाठी मैफलीतील सर्वांत जोरदार क्षण वाजवून पाहणे हीच एक खात्रीची रीत आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई आहे. काही सणांसाठी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. मध्य प्रदेशात त्याशिवाय कोलाहल नियंत्रण अधिनियम, १९८५ लागू आहे. ॲम्प्लिफायरच्या बटणावरील डेसिबेल हे घटीचे अंकन असल्याने ते या मर्यादांशी ताडता येत नाही. त्यासाठी श्रोत्यांच्या जागी ध्वनिमापक धरावा लागतो.