अंध सहकारी आणि ‘महागडं सॉफ्टवेअर’

‘अंध कर्मचारी घेतला की महागडं सॉफ्टवेअर, वेगळा कॉम्प्युटर आणि मदतीला एक माणूस आलाच,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतं. पूर्वी पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं खरंच महाग होती, त्यामुळे हा समज अगदीच हवेतून आलेला नाही.

आज विंडोज १० किंवा ११ वर कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकत्र दाबा. विंडोजमध्येच असलेला, पडदा वाचून दाखवणारा नॅरेटर बोलू लागेल. तेच दाबलं की बंद. एनव्हीडीए हे पडदा वाचणारं दुसरं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं आणि त्यातला ईस्पीक आवाज मराठीही वाचतो. आवाज थोडा यांत्रिक आहे, पण सवय होते. हेडफोन मात्र द्या.

घोडं अडतं ते फाइलींपाशी. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं परिपत्रक आपल्याला मराठी दिसतं, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. सॉफ्टवेअर तीच वाचतं. तपासायचं कसं? मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच दिसली तर युनिकोड, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं असलेला मजकूर; ‘vkWfQl’ छापाचं काही दिसलं तर जुना फॉन्ट. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये माउसने एखादा शब्द निवडून पाहा. निवडता आला नाही तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे.

उपाय एकच: पत्र युनिकोडमध्ये टाइप करा आणि सही-शिक्क्याच्या स्कॅनसोबत मूळ वर्ड फाइलही पाठवा.

शिवाय दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २० नुसार अशा वाजवी सोयी देणं सरकारी आस्थापनांना बंधनकारकच आहे.