सरकार चालवायला कॉम्प्युटर दिला तर?

माणसांच्या सरकारची सगळ्यात मोठी अडचण मला भ्रष्टाचार वाटत नाही, मुदत वाटते. निवडणूक चार-पाच वर्षांनी येते आणि दुखणी असतात शेकडो वर्षांची. हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर 1958 मध्ये हवेतला, पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले तेव्हा तो दहा लाखात साधारण 315 भाग होता, आज 420 च्या वर गेलाय. आकडा कुणापासून लपलेला नव्हता, तरी चढतच राहिला, कारण तो कमी करायचा खर्च आजच्या मतदाराने करायचा आणि फायदा होणार पुढच्या पिढ्यांना, ज्यांना अजून मतच नाहीये.

मग साहजिकच वाटतं की निर्णय मशीनकडेच द्यावेत, तिला ना निवडणूक ना खुर्ची. विचार जुनाच आहे. चिलीमध्ये 1971 ला राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारने स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश तज्ज्ञाला घेऊन सायबरसिन सुरू केलं, म्हणजे सरकारी कारखाने कॉम्प्युटरच्या मदतीने चालवायचा प्रकल्प. कारखान्यांचे आकडे टेलेक्सवरून (तारेने टाइप केलेला मजकूर पाठवणारं यंत्र) राजधानीत यायचे. 1973 च्या लष्करी बंडात ते संपलं.

पण ऑस्ट्रेलियात जे झालं त्याची मला जास्त काळजी वाटते. तिथे सरकारी भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. 2016 पासून सिस्टिम काय करायची, तर टॅक्स खात्याकडचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला 26 ने भागायचं आणि प्रत्येक पंधरवड्यात तेवढीच कमाई झाली असं धरायचं. म्हणजे समजा कुणी सहा महिने बेकार होता, तेव्हा नियमाने भत्ता घेतला आणि नंतर नोकरी लागली, तर हिशोबात तो बेकारीतही कमावत होता, आणि घरी वसुलीची नोटीस! लाखो लोकांना अशा नोटिसा गेल्या, शेवटी हे बेकायदेशीर ठरलं आणि पैसे परत करावे लागले. मुळात ही योजना बजेटमध्ये बचत दाखवायला आणली होती, म्हणजे घाई माणसांचीच, फक्त ती आता कोडमध्ये गेली, आणि नोटीस चुकीची आहे हे सिद्ध करायचं ओझं आलं सामान्य माणसावर.

म्हणून मला वाटतं कॉम्प्युटरला आधी ऐकायच्या कामाला लावावं. तैवानमध्ये 2015 ला उबर या टॅक्सी ॲपच्या वादावर पोलिस नावाचं सॉफ्टवेअर वापरलं (खाकीवाल्यांशी संबंध नाही). लोक एकेक वाक्य लिहितात, बाकीचे सहमत, असहमत किंवा पास म्हणतात, उत्तर द्यायची सोयच नाही त्यामुळे भांडण पेटत नाही. गणिताने सारखी मतं देणाऱ्यांचे गट पडतात आणि विरोधी गटांनाही पटलेली वाक्यं वेगळी दिसतात, जसं की प्रवाशांच्या विम्याचा मुद्दा. पुढे त्यातल्या बऱ्याच गोष्टी नियमांत आल्या. पण सरकारवर तसं कायद्याचं बंधन नव्हतं, त्यांनी ऐकायचं ठरवलं म्हणून ते झालं.